बालकाच्या खाटेशी सोनोग्राफी : उपयोग, मर्यादा आणि कायदा

सातपुड्याची रांग आणि तापीचे पात्र यांच्या मधल्या काळ्या सपाट जमिनीवर, केळीच्या बागांनी चहूकडून वेढलेले सावदा हे गाव जुन्या खानदेश जिल्ह्यात एके काळी एका संबंध तालुक्याला आपले नाव देत होते. आज ते रावेर तालुक्यात मोडते, आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरच्या इतर लहान गावांप्रमाणे तेथेही आजारी मूल प्रथम ज्याच्या दारी नेले जाते तो बालरोगतज्ज्ञ बहुधा एकट्यानेच दवाखाना चालवीत असतो. त्याच्यापाशी स्टेथोस्कोप असतो, बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र असते, ऑक्सिजनची सोय असते, रक्ताची तपासणी आणि छातीचा फोटो ही साधनेही थोड्या खटपटीने मिळतात. परंतु सोनोग्राफी करावयाची म्हटली की धापा टाकणाऱ्या मुलाला खाटेवरून उचलून, ठरलेल्या वेळी, दुसऱ्याच्या केंद्रात न्यावे लागते, आणि रात्र असेल तर भुसावळ किंवा जळगावचा रस्ता धरावा लागतो. हे यंत्र बालरोगतज्ज्ञाच्या स्वतःच्या हाती, मुलाच्या खाटेजवळच असावे काय, असल्यास कोणत्या आजारांत त्याचा खरा उपयोग होतो, कोठे तो दिसतो तेवढा नसतो, आणि आपल्या कायद्याने त्याला किती वाट मोकळी ठेवली आहे, या प्रश्नाचा साकल्याने विचार करण्याइतका पुरावा गेल्या पंचवीस वर्षांत निश्चित जमा झाला आहे.

येथे प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. क्ष-किरणतज्ज्ञ जी सोनोग्राफी करतो ती अवयवांचे सविस्तर परीक्षण असते. यकृत, पित्ताशय, प्लीहा, मूत्रपिंडे क्रमाने पाहून, मोजमापे घेऊन तो लेखी अहवाल देतो, आणि त्या अहवालाची सांगड मुलाच्या लक्षणांशी घालण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टराकडे उरते. खाटेजवळच्या सोनोग्राफीत पाहणारा आणि उपचार करणारा एकच असतो. मुलाची हकीकत त्याने आईच्या तोंडून ऐकलेली असते, पोट चाचपलेले असते, नाडी पाहिलेली असते. आणि अंगावर टेकवावयाचा प्रोब हाती घेताना त्याच्या मनात एकच नेमका प्रश्न असतो, ज्याचे उत्तर शक्यतो होय किंवा नाही असेच यावे. फुप्फुसाभोवती पाणी साचले आहे काय? मूत्राशय भरलेले आहे काय? हृदय पुरेशा जोराने आकुंचन पावते आहे काय? उत्तर मिळताच पुढची कृती होते, आणि तिचा परिणाम पाहण्यासाठी तोच प्रोब दोन तासांनी पुन्हा त्याच जागी टेकवता येतो. ही पुनरावृत्तीची मुभा, जी छातीच्या फोटोला किरणोत्सर्गामुळे आणि दूरच्या केंद्राला अंतरामुळे नसते, या साधनाचे सर्वांत मोठे बळ आहे असे मला वाटते, आणि याविषयीच्या चर्चेत तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

यंत्रामागील शास्त्र जुने आहे. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत्भार उत्पन्न होतो हे झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा ठाव घेण्यासाठी त्याच गुणधर्माचा आश्रय घेण्यात आला. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी हृदयाच्या हालचाली ध्वनिलहरींनी टिपल्या, आणि १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गर्भाशयाच्या व उदराच्या प्रतिमा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. या यंत्रातील कंपने दशलक्षांच्या हिशेबात मोजली जातात. कंपने जितकी अधिक तितकी प्रतिमा रेखीव, परंतु ध्वनीचा शिरकाव तितकाच उथळ, असा या शास्त्राचा नियम आहे, आणि बालरोगचिकित्सेच्या दृष्टीने तोच वरदान ठरतो. कारण बालकाची छाती पातळ, बरगड्या बऱ्याच अंशी कूर्चेच्या, पोटावर चरबी अल्प, आणि तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची टाळू अद्याप न भरलेली. प्रौढाच्या देहात जे पुसट दिसते ते बालकात स्वच्छ दिसते. असे असूनही खाटेजवळच्या सोनोग्राफीचा प्रसार आधी प्रौढांच्या अपघात विभागांत झाला आणि बालकांपर्यंत तो पुष्कळ उशिरा पोहोचला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आपत्कालीन बालरोगचिकित्सेतील तिच्या वापराविषयीचे धोरणपत्र २०१५ मध्ये काढले, आणि युरोपातील बालक व नवजात अतिदक्षता संस्थेने पुराव्यावर आधारलेल्या ४१ शिफारशी २०२० मध्ये प्रसिद्ध केल्या.

या सर्व उपयोगांत अग्रपूजेचा मान फुप्फुसाच्या तपासणीला दिला पाहिजे, आणि येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. फुप्फुस हवेने भरलेले, आणि हवेतून या यंत्राच्या ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी ही कल्पनाच कित्येक दशके त्याज्य मानली गेली. फ्रान्समधील डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी १९९० नंतर या समजुतीला छेद दिला. निरोगी फुप्फुस दिसत नाही हे खरे. पण त्याचे आवरण दिसते, श्वासागणिक ते छातीच्या आतल्या अंगावरून सरकताना दिसते, आणि हवेची जागा पाण्याने, पुवाने किंवा दाहाने घेतली की आजवर बंद असलेली वाट ध्वनीला मोकळी होते. आवरणाचे सरकणे थांबलेले दिसले तर फुप्फुसाबाहेर हवा साचल्याचा संशय घ्यावयाचा. आवरणापासून खालपर्यंत जाणाऱ्या उभ्या शुभ्र रेषा दाटीने दिसल्या तर फुप्फुस ओलावले आहे असे समजावयाचे. आणि फुप्फुसाचा एखादा भाग यकृतासारखा घट्ट दिसून त्यात श्वासनलिकांतील हवेचे चमकदार ठिपके श्वासाबरोबर हलू लागले तर तो बहुधा न्यूमोनिया.

या पद्धतीची कसोटी पुष्कळ ठिकाणी घेण्यात आली. न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, केवळ एका तासाचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी २०० मुलांची फुप्फुसे तपासली तेव्हा छातीच्या फोटोशी ताडून पाहता न्यूमोनिया असलेल्यांपैकी शेकडा ८६ मुलांत तो अचूक सापडला आणि नसलेल्यांपैकी शेकडा ८९ मुलांत तो नाही असे बरोबर सांगता आले. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये केलेल्या परीक्षणात हे आकडे शेकडा ९६ आणि ९३ पर्यंत चढले, मात्र त्यातील पुष्कळ तपासणारे मुरलेले होते. २०१६ मधील आणखी एका प्रयोगात मुलांचे दोन गट पाडून एका गटात आधी सोनोग्राफी केली, तेव्हा त्या गटातील छातीच्या फोटोंची गरज जवळजवळ शेकडा ३९ ने घटली आणि एकाही मुलाचा न्यूमोनिया निसटला नाही.

या आकड्यांनी हुरळून जाण्यापूर्वी आपल्या भूमीतील एका कार्याचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवक आणि दाया यांना मुलाचे श्वास मोजावयास शिकवले. मिनिटाला वयाच्या मानाने अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण मानून त्यांच्याच हातून प्रतिजैविक देवविले. आणि १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे त्या गावांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ५४ ने कमी आढळले. तेथे यंत्र नव्हते. होता तो एक नेमका प्रश्न आणि त्याचे उत्तर देण्याची शिस्त. खाटेजवळच्या सोनोग्राफीचे तत्त्व याहून वेगळे नाही, आणि म्हणून जो डॉक्टर ‘पोट उडते आहे’ असे आईने सांगितल्यावर घड्याळ हाती धरून पुरा एक मिनिट श्वास मोजीत नाही, त्याच्या हाती प्रोब देऊन मुलाचे काहीएक कल्याण होणार नाही असे मी निःशंकपणे म्हणतो.

मग सावद्यासारख्या गावी फुप्फुसाच्या सोनोग्राफीचे विशेष प्रयोजन ते कोणते? माझ्या मते ते न्यूमोनिया ओळखण्यापेक्षा त्याच्या गुंतागुंती ओळखण्यात अधिक आहे. चार दिवस प्रतिजैविक देऊनही ज्याचा ताप उतरत नाही अशा मुलाच्या फुप्फुसाभोवती पाणी साचले आहे की पू, त्यात जाळी धरली आहे की ते सुटे आहे, नळी घालावयाची तर नेमकी कोणत्या बरगडीखाली, हे छातीच्या फोटोतील पांढऱ्या छायेवरून सांगणे कठीण असते आणि सोनोग्राफीत ते बहुधा स्पष्ट दिसते. मुलाला जळगावला पाठवावयाचे की येथेच ठेवावयाचे हा निर्णय त्यावर अवलंबून असतो, आणि केळीच्या बागेत मजुरीला आलेल्या कुटुंबाला जळगावला पाठवणे म्हणजे आई, बाप आणि दोघांची रोजी यांना एकदम उपटून काढणे होय. दमा आणि लहान श्वासनलिकांचा विषाणुजन्य दाह यांत मात्र ही तपासणी फारसे सांगत नाही. उलट आकसलेल्या फुप्फुसाचे बारीक तुकडे न्यूमोनिया समजून अकारण प्रतिजैविके देण्याचा मोह होतो. एक सेंटीमीटरहून लहान छाया दिसली तर तिला महत्त्व देताना शंभरदा विचार करावा. छातीच्या पुढच्या भागात बालकाची थायमस ग्रंथी आणि डाव्या पायथ्याशी जठर व प्लीहा हीही नवशिक्याला हमखास चकवतात, आणि आवरणापर्यंत न पोहोचलेला खोल दाह तर दिसतच नाही.

दुसरे क्षेत्र सलाईनचे. पावसाळा सरता सरता खानदेशात डेंग्यू बोकाळतो, आणि त्या आजारात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपून फुप्फुसाभोवती व पोटात साचतो, पित्ताशयाची भिंत जाड होते. या तिन्ही गोष्टी सोनोग्राफीत लवकर दिसतात आणि कोणत्या मुलावर रात्रभर डोळा ठेवावा याची सूचना देतात. द्रव कमी पडला तर मूल धक्क्यात जाते, अधिक झाला तर फुप्फुसे भरतात. या दोन कड्यांमधल्या अरुंद वाटेवर डॉक्टराला चालावयाचे असते. जलद सलाईन सदैव हितकर या समजुतीला आफ्रिकेतील एका मोठ्या प्रयोगाने २०११ मध्ये जबर हादरा दिला. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील ३,१४१ तापाने फणफणलेल्या अत्यवस्थ मुलांत, ज्यांना द्रव झपाट्याने देण्यात आला त्यांतील शेकडा १०.५ च्या आसपास मुले ४८ तासांत दगावली, तर ज्यांना तो तसा दिला गेला नाही त्यांत हे प्रमाण ७.३ होते. तेथील परिस्थिती आणि डेंग्यू यांची सरमिसळ करता कामा नये. परंतु द्रव देताना फुप्फुस ओलावते आहे काय हे दर तासाला पाहता आले, तर कानाला बुडबुडे ऐकू येण्याच्या आधीच हात आवरता येतो, हा लाभ लहान नव्हे.

हृदयाविषयीही हेच. विंचवाच्या दंशाने बालकाचे हृदय कसे कोलमडते आणि फुप्फुसे पाण्याने कशी भरतात हे कोकणात महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी वर्षानुवर्षे रुग्णाच्या उशाशी बसून पाहिले, आणि १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन या साध्या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला; दंश झालेल्यांचे मृत्यू त्यामुळे फार मोठ्या प्रमाणात खाली आले. हे निरीक्षण त्यांनी रक्तदाबमापक, स्टेथोस्कोप आणि अविरत जागरणाच्या बळावर केले. उन्हाळ्यात शेतावर, पाचोळ्यात, विंचू चावलेली मुले आमच्याकडेही येतात. आणि घामाने निथळणारे, थंड पडलेले मूल समोर असता हृदयाचा डावा कप्पा जेमतेम हलतो आहे असे पडद्यावर दिसले, तर सलाईनची बाटली बंद करून योग्य औषध सुरू करण्याचा आणि रुग्णवाहिका बोलावण्याचा निर्णय अर्ध्या तासाने लवकर होतो. हृदयाच्या जन्मजात दोषांचे निदान हे मात्र बालहृदयरोगतज्ज्ञाचे काम. ते खाटेजवळच्या ओझरत्या तपासणीने करू पाहणे हा अविचार आहे.

पोटाच्या बाबतीत थोडक्यात सांगता येण्याजोगे पुष्कळ आहे. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला असता तान्हे मूल थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळते, आणि आडव्या छेदात एकात एक अशी वर्तुळे दिसतात. एका तासाच्या शिक्षणानंतर आपत्कालीन विभागातील डॉक्टरांनी ८२ मुलांत ही तपासणी केली तेव्हा असलेल्यांपैकी शेकडा ८५ जणांत तो आजार सापडला आणि नसलेल्यांपैकी ९७ जणांत नाही असे ठरले. याचा अर्थ, दिसले तर मूल ताबडतोब शस्त्रवैद्याकडे धाडावे. दिसले नाही तरी संशय दाट असल्यास धाडावेच. महिन्याभराच्या बाळाला दूध पिताच दूरवर उडणारी उलटी होत असेल तर जठराच्या मुखाच्या स्नायूची जाडी मोजावी. ती तीन मिलिमीटरहून अधिक भरली तर निदान जवळजवळ पक्के. लघवीचा नमुना नळीने घेण्यापूर्वी मूत्राशय भरले आहे की नाही एवढे पाहिले, तर बाळाला होणारा निष्फळ त्रास वाचतो. एका अभ्यासात या साध्या उपायाने पहिल्याच खेपेला पुरेसा नमुना मिळण्याचे प्रमाण ७२ वरून ९६ टक्क्यांवर गेले. आंत्रपुच्छाच्या बाबतीत मात्र न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, आणि अंडकोषाला पीळ पडल्याची शंका असता सोनोग्राफीत वेळ दवडणे घातक ठरते, कारण तेथे सहा तासांचा अवधीही फार होतो.

नवजात बालकांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांच्यासाठी हे साधन जवळजवळ अपरिहार्य झाले आहे. अकाली जन्मलेल्या बाळाच्या टाळूवर प्रोब ठेवून मेंदूतील रक्तस्राव पाहण्याची पद्धत १९८० च्या सुमारास रूढ झाली आणि आता ती सर्वमान्य आहे; त्याच बाळाची फुप्फुसे पाहून त्याला सर्फॅक्टंट हे महागडे औषध द्यावे की नाही याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र गेल्या दहा-पंधरा वर्षांतील आहे. बाळ थंड पडू नये म्हणून जेल कोमट करून लावणे, प्रत्येक बाळानंतर प्रोब निर्जंतुक करणे, मेंदू आणि डोळे यांवर ध्वनीची शक्ती अत्यल्प ठेवणे, या गोष्टी यंत्राच्या किमतीत येत नाहीत. त्या डॉक्टराच्या आणि परिचारिकेच्या सवयीतून याव्या लागतात.

खानदेशाच्या दृष्टीने एक उपयोग मला विशेष मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा शहरी परिषदांत क्वचित ऐकू येते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकल सेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यभर त्या डोंगराळ भागात हिंडून त्याचा शोध घेतला. या आजाराच्या मुलांना पक्षाघाताचा धोका असतो, आणि तो आधी ओळखण्याचा मार्ग म्हणजे कानशिलातून मेंदूच्या धमन्यांतील रक्ताचा वेग ध्वनिलहरींनी मोजणे. सेकंदास २०० सेंटीमीटर किंवा अधिक वेग आढळलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघाताचे प्रमाण शेकडा ९२ ने घटते असे अमेरिकेत १९९८ मध्ये सिद्ध झाले. दर महिन्याला रक्त मिळणे जेथे दुर्घट, तेथे हायड्रॉक्सियुरिया या गोळीचा आधार घेता येतो, असे पुढील अभ्यासांनी दाखवले आहे. सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात रक्ततपासणीवर भर आहे आणि तो योग्यच आहे, परंतु ज्यांचे निदान झाले त्या मुलांची वर्षातून एकदा ही मोजणी झाल्याखेरीज त्या निदानाचा लाभ अर्धाच पदरी पडतो.

आता ज्या जागी अपेक्षाभंग झाला त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. पोटाला मार बसलेल्या ९२५ मुलांत खाटेजवळची सोनोग्राफी केल्याने सीटी स्कॅनची संख्या घटली नाही, दवाखान्यातील मुक्काम घटला नाही, खर्चही घटला नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवले. प्रौढांत उपयुक्त ठरलेली गोष्ट बालकांत तशीच्या तशी लागू पडेल ही आशा फोल ठरली. हगवणीने सुकलेल्या मुलाच्या पोटातील मोठ्या शिरेची रुंदी पाहून द्रवाची तूट मोजण्याचा उद्योग पुष्कळांनी केला, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत; तेथे बाळाचे डोळे, जीभ, पोटाची कातडी आणि तहान यांवरच भिस्त ठेवावी. याउलट मनगटाजवळच्या हाडाच्या मोडीत सोनोग्राफी क्ष-किरणांच्या तोडीस उतरते हे ऑस्ट्रेलियातील २७० मुलांच्या प्रयोगाने २०२३ मध्ये दाखवले.

एवढा पुरावा असूनही हे यंत्र बालरोगतज्ज्ञाच्या खोलीत का दिसत नाही, याचे उत्तर वैद्यकात नसून कायद्यात आहे. आणि त्या कायद्याविषयी बोलताना जळगाव जिल्ह्यातील माणसाने अधिक जपून बोलले पाहिजे. मुंबईतील स्त्री-संघटनांच्या आंदोलनामुळे गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि तो २००३ मध्ये अधिक कडक झाला. त्यानंतरही २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साडेआठशेच्याही खाली आढळली आणि राज्यातील सर्वांत खालच्या जिल्ह्यांत आमची गणना झाली. सधन केळीउत्पादक पट्टा, शिकलेली कुटुंबे, हाताशी पैसा आणि हाताशी यंत्र, या संयोगाने किती मुली जन्मापूर्वीच नाहीशा झाल्या याची लाज वाटली पाहिजे. आणि त्या कृत्यात सामील झालेले हात डॉक्टरांचे होते ही वस्तुस्थिती आमच्या व्यवसायाने कधीही दृष्टीआड करू नये.

म्हणूनच गर्भाचे लिंग दाखवू शकणारे कोणतेही यंत्र, ते बालकांसाठी घेतलेले असले तरी, नोंदणीवाचून ठेवता येत नाही. २०१२ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणे हलवता येण्याजोगे यंत्र नोंदणीकृत जागेच्या हद्दीत, तेही दाखल रुग्णांसाठी, अथवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय दोष सिद्ध झाल्यास वैद्यकीय परिषदेच्या पटावरून नाव कमी. नोंदी अपुऱ्या ठेवणे ही निव्वळ कारकुनी चूक समजता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निक्षून सांगितले. बालरोगतज्ज्ञाकडे गरोदर स्त्री तपासणीस येत नाही, हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक वाटतो. पण यंत्राला दार माहीत नसते, आणि रात्री आठनंतर ते कोणाच्या घरी जाईल याची हमी कोण देणार?

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मुलांचे प्राण वाचवणाऱ्या साधनाला या कायद्यातून सरसकट वगळा. दुसरा म्हणतो, एक फट ठेवली की तिचा दरवाजा होतो. उथळ प्रतिमा देणारा प्रोब गर्भापर्यंत पोहोचत नाही असे पहिला पक्ष सांगतो, परंतु कृश स्त्रीच्या पोटावर तो मुळीच पोहोचणार नाही अशी छातीठोक ग्वाही देता येत नाही. शिवाय यंत्र एकदा आले की प्रोब बदलणे सोपे असते. सर्व विचार करता मी सूट मागणाऱ्यांच्या बाजूचा नाही. मात्र सूट नाकारणे वेगळे आणि वाट बंद करणे वेगळे. बालरुग्णालयांसाठी नोंदणीची स्वतंत्र श्रेणी असावी. यंत्र एका जागी बांधलेले असावे, त्यात केवळ बालकांना योग्य असे प्रोब असावेत, प्रत्येक तपासणीची प्रतिमा वेळेसह आपोआप साठावी, आणि समुचित प्राधिकाऱ्याला ते दप्तर केव्हाही तपासता यावे. कोल्हापुरात २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांना नोंद टिपणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडण्यात आले होते. त्या योजनेच्या उपयुक्ततेविषयी मतभेद झाले, तरी यंत्रावर यंत्राने पहारा ठेवता येतो एवढे तिने दाखवले. आज ज्या तरुण डॉक्टराला नियमाप्रमाणे वागावयाचे आहे त्याला दरखास्त कोणत्या कलमाखाली करावी, कोणते शिक्षण ग्राह्य धरले जाईल, हेच नीट उमगत नाही. आणि त्या धास्तीने तो यंत्राचा नादच सोडतो. प्रामाणिक माणसाला अडवणारा आणि अप्रामाणिकाला चोरवाटेने जाऊ देणारा अंमल कोणाच्याच हिताचा नाही.

राहिला प्रश्न शिक्षणाचा. एका तासात फुप्फुस पाहता येते असे अभ्यास सांगतात, आणि त्यामुळे पुष्कळांची समजूत होते की हे सहज साध्य आहे. पाहता येणे आणि त्यावर विसंबून निर्णय घेणे यांत अंतर आहे. अमेरिकेतील आपत्कालीन चिकित्सकांची संस्था प्रत्येक उपयोगासाठी देखरेखीखालील २५ ते ५० तपासण्यांची अपेक्षा ठेवते, आणि आपल्याकडेही याहून कमीवर समाधान मानू नये. खिशात मावणारी, मोबाईलला जोडावयाची यंत्रे आता बाजारात आली आहेत, आणि प्रतिमेचा अर्थ संगणकच सांगेल अशी जाहिरातही ऐकू येते. परंतु गरोदर स्त्रीच्या दारापर्यंत सहज नेता येणारे असे यंत्र आमच्या जिल्ह्यात मोकळे फिरू देण्याच्या मी सर्वस्वी विरोधात आहे, मग ते कितीही स्वस्त होवो. ज्याला जागा आहे, नोंद आहे आणि जबाबदार माणूस आहे, असे यंत्र पुरेसे आहे.

लहान गावच्या बालरुग्णालयाकडे मर्यादित पैसा असेल, तर आधी ऑक्सिजनची अखंड सोय, प्राणवायू मोजणारे चांगले यंत्र आणि रात्री जागी असणारी प्रशिक्षित परिचारिका यांवर तो खर्च व्हावा. सोनोग्राफीचा क्रम त्यानंतरचा, आणि तिचाही पहिला वापर फुप्फुसासाठी. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांना माझी विनंती आहे की त्यांनी रावेर, यावल, चोपडा, शिरपूर येथील बालरोगतज्ज्ञांसाठी देखरेखीखालील शिक्षणाचा नियमित वर्ग काढावा आणि तेथे तपासलेल्या प्रत्येक प्रतिमेची क्ष-किरणतज्ज्ञाकडून फेरतपासणी व्हावी. आणि राज्याच्या आरोग्य खात्याने बालरुग्णालयांच्या नोंदणीची स्वतंत्र श्रेणी कशी असावी याचा मसुदा करून तो बालरोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि लिंगनिवडीविरुद्ध इतकी वर्षे झटलेल्या संघटना या तिघांपुढे एकाच वेळी ठेवावा.